हॅरी पॉटरच्या सिनेमांतल्या चुका: जादूला सूट द्यायची, पण सापाच्या पापणीला का द्यायची?

मासुंदा (ठाणे):
हॅरी पॉटरचा पहिला सिनेमा, २००१ चा, ख्रिस कोलंबसवाला, तुमच्याकडे असेल तर लावा आणि हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या ग्रेट हॉलमधल्या पहिल्या जेवणापाशी जा. मुलांचे गट ठरवणारी टोपी हॅरीला ग्रिफिंडॉर गटात टाकते, टाळ्या पडतात, तो जाऊन लांब टेबलाच्या एका बाजूला बसतो. मग रिकामी भांडी एकदम जेवणाने भरतात आणि हॅरी बसलाय टेबलाच्या दुसऱ्या बाजूला! ना उठला, ना फिरून गेला, ना कोणी त्याच्यावर मंत्र टाकला.

हे मला दाखवलं आमच्या सोसायटीतल्या एका सातवीतल्या मुलाने. घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे आमची सोसायटी आहे, तिथल्या क्लबहाऊसमध्ये शनिवारी मुलांसाठी सिनेमा लावते मी, आणि आता मुलांनी चुकांची वहीच केलीय. प्रॉब्लेम असा की वहीतलं अर्धं त्यांनी स्वतः पॉज करून शोधलेलं आहे आणि अर्धं रील्सवरून उचललेलं, आणि रील्सवर काहीही असतं. म्हणून हा धागा. ज्याला जे खात्रीने माहितीये ते सांगा, क्लबहाऊसच्या बोर्डावर लावायच्या आधी मला पडताळून घ्यायचंय.

मी मुलांना तीन ढीग करायला सांगितलेत. एक म्हणजे शूटिंगच्या चुका, एका शॉटमध्ये इथे आणि पुढच्या शॉटमध्ये तिथे. दुसऱ्या आपल्या जगाबद्दलच्या चुका, म्हणजे साप, रेल्वे, बुद्धिबळ, आकाश वगैरे. आणि तिसऱ्या म्हणजे त्या जादूच्या जगाने स्वतःच केलेला नियम स्वतःच मोडला अशा. माझं मत विचाराल तर झाडू उडतो ही चूक नाहीच, तो त्या जगाचा नियम आहे आणि तो आपण तिकीट काढतानाच मान्य केलेला असतो, पण जिथे जादूचा काही संबंध नाही तिथे सूट का द्यायची? मुलांचा सिनेमा आहे म्हणून तर अजिबात नको.

चिमण्यांची आई (खारघर):
ताई, मनापासून विचारते, राग मानू नका. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिने परवा पहिल्यांदा हा सिनेमा बघितला आणि दोन दिवस हॉगवर्ट्सच्या पत्राची वाट बघत होती. तिला आत्ता कोणी सांगितलं की इथे हॅरी चुकून पलीकडे बसला आणि तिथे कॅमेरावाला दिसतो, तर तिच्यासाठी ते जग मोडणार नाही का? मुलांचं असं मन फार थोडी वर्षं टिकतं, ते आपणच का संपवायचं?

मासुंदा (ठाणे):
राग कसला, तुमचा मुद्दा बरोबरच आहे आणि पहिल्यांदा बघणाऱ्या मुलांना आम्ही वही दाखवत नाही, हा नियम मुलांनीच केलाय. पण एक सांगते, ही वही लिहिणारी मुलं सिनेमा सगळ्यात जास्त वेळा बघितलेली मुलं आहेत. ज्याला कंटाळा आला तो मोबाईल काढतो, त्याला हॅरी कुठे बसला ते कळतही नाही. चूक सापडायला त्या टेबलावर कोण कुठे होतं ते लक्षात असावं लागतं ना, आणि ते कशाने लक्षात राहतं? आवडलंय म्हणूनच ना?

येऊरचा सर्पमित्र:
माझा विषय आला म्हणून लिहितो. वहीत सापाचं लिहिलंय का? प्राणिसंग्रहालयातला सीन. हॅरीचा मावसभाऊ डडली काचेवर थापा मारतो, मग हॅरी त्या अजगराशी बोलायला लागतो आणि साप डोळे मिचकावतो. सापाला पापण्याच नसतात!! डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, काचेसारखा, कायमचा बसवलेला. साप कात टाकतो तेव्हा तो खवलाही कातेबरोबर निघतो, कधी येऊरला किंवा मामा-भांजे टेकडीच्या बाजूला अख्खी कात मिळाली तर तोंडाकडचा भाग उन्हात धरून बघा, डोळ्याच्या जागी गोल भिंगासारखं दिसतं. कात टाकायच्या आधी काही दिवस डोळे दुधाळ निळसर होतात आणि त्याला नीट दिसत नाही, तेव्हा लोक म्हणतात साप आंधळा झाला किंवा झोपलाय. झोपलेला साप आणि जागा साप डोळ्यांवरून ओळखता येत नाही कारण डोळे कधी मिटतच नाहीत.

आता कोणी म्हणेल तो जादूचा साप आहे. नाही ना, तोच तर मुद्दा आहे! जादू हॅरीत आहे, त्याला सापाची भाषा येते. साप साधा आहे, पाटीवर लिहिलंय बंदिवासात जन्मलेला म्हणून. सिनेमात तो ब्रह्मदेशी अजगर आहे, पुस्तकात ब्राझीलचा बोआ होता, तो बदल चालेल, दोघंही बिनविषारी आणि विळखा घालणारे. पण पुस्तकातला बोआसुद्धा डोळा मारतो, म्हणजे चूक मुळातलीच आहे.

हे मी किरकोळ समजत नाही. आपल्याकडच्या नागिणीच्या सिनेमांनी पुंगीच्या सुरावर साप डोलतो हे इतकं पक्कं केलंय की शाळेत कार्यक्रम घेतो तेव्हा निम्मा वेळ तेच खोडण्यात जातो. तो पुंगीच्या हलण्याकडे बघत असतो, सुराशी त्याला काही घेणं नाही. कान बाहेरून दिसत नाहीत पण जमिनीची कंपनं आणि खालच्या पट्टीतले आवाज त्याला कळतात. मुलांच्या सिनेमातलं मुलं खरं धरतात आणि मग मोठी होऊन कोणाच्या तरी घरात धामण निघाली की काठी काढतात.

चिमण्यांची आई (खारघर):
पापणीचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे पांडवकड्याच्या बाजूने पावसाळ्यात साप येतात सोसायटीत. मुलीला हे सांगेन, हे सांगून जादू जाणार नाही असं वाटतंय.

९ नंबरची वाशी (ऐरोली):
रेल्वेवाला आलाय, जरा लांब लिहितो.

पावणेदहा... म्हणजे तो नऊ पूर्णांक तीन चतुर्थांश प्लॅटफॉर्म. गोष्टीप्रमाणे किंग्ज क्रॉसला ९ आणि १० च्या मधल्या खांबातून आत शिरून हॉगवर्ट्सची गाडी पकडायची. पण खऱ्या किंग्ज क्रॉसला ९ आणि १० मुख्य शेडमध्ये नाहीतच, बाजूच्या लोकल गाड्यांच्या भागात आहेत आणि त्या दोघांच्या मध्ये खांब नाही, रूळ आहेत! लेखिका रोलिंगबाईंनी स्वतः नंतर सांगितलंय की लिहिताना त्यांच्या डोक्यात यूस्टन स्टेशन होतं. मग सिनेमावाल्यांनी काय केलं, ४ आणि ५ नंबरच्या प्लॅटफॉर्मना ९ आणि १० च्या पाट्या लावल्या आणि तिथे शूटिंग केलं, कारण तिथे मध्ये विटांचे खांब आहेत. म्हणजे पुस्तकातली चूक सिनेमाने पाटी बदलून लपवली. दुसऱ्या सिनेमात (२००२) स्टेशन बाहेरून दाखवलंय ते तर किंग्ज क्रॉस नाहीच, शेजारचं सेंट पॅन्क्रस आहे, ते जास्त राजवाड्यासारखं दिसतं म्हणून.

त्या गाडीच्या इंजिनाचं अजून मजेदार आहे. ते खरं वाफेचं इंजिन आहे, ५९७२ ऑल्टन हॉल, १९३७ चं, ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं. ग्रेट वेस्टर्नच्या गाड्या लंडनला पॅडिंग्टनला यायच्या, किंग्ज क्रॉस ही वेगळ्याच कंपनीची लाईन. रंग त्यांचा हिरवा असायचा, सिनेमासाठी लाल केला. आणि नावाची पाटी लावली हॉगवर्ट्स कॅसल, पण ते हॉल वर्गाचं इंजिन आहे, कॅसल हा त्याच कंपनीचा वेगळा वर्ग होता! नंबर मात्र ५९७२ च ठेवला, त्यामुळे ज्याला माहितीये त्याला लगेच कळतं. ही चूक दुसऱ्या ढिगात टाका, कारण इंजिन कुठल्या वर्गाचं हे काही मंत्राने ठरत नाही.

आम्ही ठाणेकर-ऐरोलीकर रोज ठाणे स्टेशनच्या ९ आणि १० नंबरवरून वाशी-पनवेल गाड्या पकडतो, त्यामुळे हा आकडा आमच्या घरच्यासारखा आहे. लहान असताना चुलत भावंडं ठाण्याला ट्रॉलीबॅग घेऊन खांब शोधायची, ते आठवतंय.

कळवा नाका:
पुढच्या भागात तो वळणावळणाचा पूल येतो ना, उडणारी गाडी मागून येते तो, तो कुठला? तो तरी खरा आहे का?

९ नंबरची वाशी (ऐरोली):
खरा आहे, स्कॉटलंडमधला ग्लेनफिनन, २१ कमानींचा, फोर्ट विल्यम ते मॅलेग लाईनवरचा. आणि ही जागा चूक नाही, हॉगवर्ट्स स्कॉटलंडमध्येच आहे. गाडी थांबते ते हॉग्समीड स्टेशन मात्र यॉर्कशायरमधलं गोथलँड आहे, पण शूटिंग कुठे केलं ती चूक धरायची नसते, नाहीतर सगळेच सिनेमे चुकीचे ठरतील.

कट टू कट (घोडबंदर):
मी मालिकांच्या एडिटिंगमध्ये आहे, इथेच घोडबंदर पट्ट्यातल्या सेट्सवरचं फुटेज माझ्याकडे येतं. पहिल्या ढिगाबद्दल मला बोलायचंय कारण लोक म्हणतात एवढा पैसा आणि एवढं साधं कळलं नाही? कळतं. सगळं कळतं. सेटवर कंटिन्युइटीला एक माणूस फक्त तेवढ्यासाठीच असतो, ग्लास किती भरला होता, केस कुठल्या खांद्यावर होते, कप उजव्या हातात की डाव्या, सगळे फोटो काढून ठेवतो.

तरी चूक होते कारण एकच सीन सलग शूट होत नाही. आधी सगळ्यांचा मास्टर शॉट, मग एका बाजूचे क्लोजअप, मग लाईट फिरवून दुसऱ्या बाजूचे, मधे जेवणाची सुट्टी किंवा मधे अख्खा दिवस. त्यात लहान मुलं. इंग्लंडमध्ये बालकलाकारांनी दिवसात किती तास काम करायचं याला कायद्याने मर्यादा आहे आणि शाळाही सेटवरच करावी लागते, त्यामुळे समोरच्याचा क्लोजअप चालू असताना हॅरी तिथे असेलच असं नाही, पाठमोरं डोकं दुसऱ्याच मुलाचं असू शकतं. पहिल्या सिनेमात ही मुलं अगदीच नवखी होती, मधेच हसायची, कॅमेऱ्याकडे बघायची. मग एडिटर टेबलावर बसतो तेव्हा त्याच्यासमोर दोन टेक असतात, एकात बैठक बरोबर पण चेहरा मेलेला, दुसऱ्यात बैठक चुकीची पण मुलाच्या डोळ्यात खरंच आश्चर्य. मी दुसरा घेईन. शंभरातले नव्याण्णव प्रेक्षक चेहरा बघतात. तुमच्या सातवीतल्या मुलाला माझा सलाम, तो शंभरावा आहे.

आणि त्या जेवणाच्या सीनचंच सांगतो, पहिल्या सिनेमात ते बरंचसं जेवण खरं होतं, गरम लाईटखाली तासन्‌तास राहून वास मारायला लागलं, म्हणून पुढच्या सिनेमांत साच्यातून काढलेलं खोटं जेवण वापरलं. वर तरंगणाऱ्या मेणबत्त्या आधी खऱ्या होत्या, तारांनी टांगलेल्या, ज्योतीने तार जळून त्या खाली पडायला लागल्या मग कॉम्प्युटरवर केल्या. असल्या सेटवर कोण कुठल्या बाजूला बसलं होतं हे सुटलं तर मला समजू शकतं.

वहीत अजून एक टाका, पहिल्या भागात परीसाचा उल्लेख असलेले सीन दोनदा शूट झालेत, कारण अमेरिकेत दगडाचं नाव वेगळं ठेवलं होतं. म्हणजे त्या वाक्यांपुरते दोन सिनेमे आहेत. ही चूक नाही पण मुलांना आवडेल.

मासुंदा (ठाणे):
कट टू कट, हे वाचून दाखवणार आहे मुलांना, तुमच्या परवानगीने. दुसऱ्या भागातल्या द्वंद्वाच्या सीनमधला कॅमेरावाला खरा आहे का? वहीत आहे तो.

कट टू कट (घोडबंदर):
खरा आहे. हॅरीसमोरचा मुलगा माल्फॉय उडून पडतो त्याच्या आसपास फ्रेमच्या कडेला बघा, मुलांच्या गर्दीत एक मोठा माणूस कॅमेरा घेऊन आहे. मोठ्या पडद्यावर कोणाच्या लक्षात आलं नाही, घरी डीव्हीडी आल्यावर लोकांनी पॉज करून पकडला. वाचून दाखवा बिनधास्त.

प्यादं (कळवा):
बुद्धिबळ! कोणी बोललंच नाही अजून. पहिल्या सिनेमाच्या शेवटचा डाव. तो डाव असाच काहीतरी मांडलेला नाहीये, जेरेमी सिलमन नावाचे अमेरिकन इंटरनॅशनल मास्टर होते, त्यांच्याकडून ती स्थिती खास बनवून घेतली होती. हॅरी आणि त्याचे दोन मित्र स्वतःच काळ्या सोंगट्या होतात, रॉन घोडा, हॅरी उंट, हर्मायनी हत्ती. पांढऱ्याची पहिली चाल, मग रॉन प्याद्याला पटावरच्या डी५ या घरात पाठवतो आणि पांढरं प्यादं त्याला फोडतं, इथपर्यंत खरंखुरं स्कँडिनेव्हियन ओपनिंग आहे, म्हणजे डावाची एक नावाजलेली सुरुवात.

शेवटी रॉनचा घोडा एच३ वर जाऊन शह देतो, पांढरा वजीर त्याला मारतो, मग हॅरीचा उंट सी५ वर येतो आणि हॅरी म्हणतो मात. पण ती मात नाहीये! वजीर आता एच३ वर आहे ना, तो तिसऱ्या ओळीतून सरळ ई३ वर येऊन मध्ये आडवा पडू शकतो. सिलमन यांच्या मूळ डावात तसंच आहे, वजीर आडवा येतो, उंट त्याला मारतो आणि मग मात. सिनेमात ती शेवटची चाल कापली. पट मांडून बघा, आमच्या क्लासच्या मुलांना मी हा डाव लावतो आणि विचारतो की हॅरीचं कुठे चुकलं. सापडलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

एक अजून मला खटकतं, रॉन सगळा डाव एकटा खेळतो, स्वतःचा बळी द्यायचं तो ठरवतो, आणि लोकांच्या लक्षात राहते ती हॅरीची मात. घोड्याच्या त्या चालीशिवाय वजीर हललाच नसता. ही चूक नाही पण लिहावंसं वाटलं.

सीवूड्स सर:
गणित शिकवतो म्हणून पॉटर सोडून थोडं जुन्याकडे जातो. १९३९ चा विझर्ड ऑफ ऑझ. त्यातल्या बुजगावण्याला मेंदू हवा असतो. शेवटी त्याला पदवीचा कागद मिळतो आणि मेंदू आला हे दाखवायला तो लगेच एक प्रमेय म्हणतो, की समद्विभुज त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंच्या वर्गमुळांची बेरीज तिसऱ्या बाजूच्या वर्गमुळाएवढी असते. पायथागोरसचं काहीतरी आठवल्यासारखं वाटतं पण एकही शब्द जागेवर नाही. काटकोन हवा, वर्ग हवेत, वर्गमुळं नकोत आणि कोणत्याही दोन बाजू तर नकोतच.

मी आठवीला हे फळ्यावर सोडवायला देतो. दोन समान बाजू ४ आणि ४ घ्या. वर्गमुळं २ आणि २, बेरीज ४, म्हणजे तिसरी बाजू १६ पाहिजे. आता ४, ४ आणि १६ चा त्रिकोण काढून दाखवा! निघतच नाही, ४ अधिक ४ म्हणजे ८, दोन्ही बाजू एकमेकींपर्यंत पोचतच नाहीत. हे ज्याने एकदा करून बघितलं तो त्रिकोणाची असमता परत विसरत नाही, माझ्या पुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा हे जास्त कामाला येतं.

मला वाईट याचं वाटतं की बाकी कोणी पात्र त्याला टोकत नाही. तिथे एक वाक्य जरी असतं तरी मुलांना कळलं असतं की पदवी आली म्हणजे उत्तर बरोबर आलं असं नाही. त्याच सिनेमात बुजगावणं भेटतं त्या सीनमध्ये डोरोथीच्या वेण्या कधी लांब कधी आखूड होतात, ते मात्र कट टू कट म्हणाले तसं, वेगवेगळ्या वेळी घेतलेले शॉट जोडल्याचं आहे, दिग्दर्शकही मधेच बदलले होते.

कळवा नाका:
सर त्याच सिनेमात मागे झाडाला कोणीतरी लटकलेलं दिसतं म्हणतात ते खरं का? माझ्या भाच्याने रील बघितलं आणि रात्री झोपला नाही.

सीवूड्स सर:
खोटं आहे, भाच्याला आजच सांगा. तो मोठा पक्षी आहे, सेटवर जंगल वाटावं म्हणून प्राणिसंग्रहालयातून आणलेले पक्षी सोडले होते, त्यातला एक पंख पसरतो. जुन्या अंधूक व्हिडिओ कॉपीत आकार नीट दिसायचा नाही म्हणून ती अफवा पसरली, साफ केलेल्या प्रिंटमध्ये पक्षी स्पष्ट दिसतो.

मासुंदा (ठाणे):
ही अफवा आमच्या वहीत होती! खोडायला लावते. नेमकं याच कारणासाठी धागा काढला.

नेरूळचं आकाश:
दुर्बीण घेऊन मुलांना आकाश दाखवतो आम्ही काही जण. माझी चूक पुस्तकातली आहे, पाचव्या भागातली, सिनेमात ती परीक्षा दाखवलेलीच नाही पण राहवत नाही. जून महिन्यात रात्री मुलांची खगोलशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा असते आणि हॅरी नकाशावर मृग भरतो, ओरायन. जूनमध्ये!! आपल्याकडे शाळेत न गेलेली आजीसुद्धा सांगेल की ७-८ जूनला मृग लागतो, म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो. सूर्य जिथे आहे ते नक्षत्र रात्री कसं दिसेल? तेव्हा मृग दिवसा सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबर मावळतो. तो रात्री बघायचा डिसेंबर-जानेवारीत. शेतकरी पेरणीला मृगाची वाट बघतो ती आकाशात मृग दिसतो म्हणून नाही, दिसेनासा झालेला असतो म्हणून.

त्याच परीक्षेत शुक्रही बघतात. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा लांब जातच नाही, संध्याकाळी किंवा पहाटे दिसेल, मध्यरात्री नाही. आणि गोष्टीतलं ते साल १९९६ धरतात, त्या जूनमध्ये तर शुक्र सूर्य आणि पृथ्वीच्या मधोमध आला होता. बरोबर ८ वर्षांनी, ८ जून २००४ ला, आपण त्याला सूर्यबिंबावरून जाताना बघितलं, अधिक्रमण, आठवतंय का कोणाला? शिवाय स्कॉटलंडमध्ये जूनच्या रात्री नीट अंधारच होत नाही.

मला हे जास्त लागतं कारण लेखिकेला तारे माहितीयेत. सिरियस म्हणजे आपला व्याध, रेग्युलस म्हणजे मघा, बेलाट्रिक्स तर मृगातलाच तारा, एवढ्या प्रेमाने नावं ठेवली आणि मग तोच मृग चुकीच्या महिन्यात काढला.

चिमण्यांची आई (खारघर):
मृगाचं वाचून आईला फोन केला, ती म्हणाली हे काय विचारायचं झालं.

मला एक विचारायचंय. माझ्या मुलीनेच काढलंय, मी काही सांगितलं नव्हतं. रॉनचा उंदीर, तो पहिल्या भागातही आहे आणि तिसऱ्या भागातही, आणि रॉनच्या आधी त्याच्या मोठ्या भावाचा होता. तिच्या मैत्रिणीचा पांढरा उंदीर दोन-अडीच वर्षांत गेला. ती म्हणते एवढे दिवस उंदीर जगत नाही, ही चूक लिहा.

मासुंदा (ठाणे):
ज्यांनी तिसरा भाग (२००४) बघितला नाही त्यांनी हा प्रतिसाद वाचू नका.

तुमच्या मुलीने फार मोठी गोष्ट पकडलीय. ती चूक नाही, तो पुरावा आहे. तिसऱ्या भागात तो उंदीर १२ वर्षं जगलाय हेच कारण समोर ठेवलं जातं की हा साधा उंदीर असूच शकत नाही. पहिल्या सिनेमापासून तो सगळ्यांच्या नाकासमोर होता आणि आपण मोठ्यांनी जादूचं जग आहे, असेल, म्हणून सोडून दिलं. तुम्ही म्हणाला होतात चुका काढल्या की जग मोडतं. तिने उंदराच्या वयावर शंका घेतली म्हणजे ती त्या गोष्टीच्या लेखिकेने जसं बघावं असं ठरवलं होतं तसं बघतेय.

त्याच सिनेमात शाळेच्या रखवालदाराच्या, हॅग्रिडच्या, झोपडीत खिडकीतून दगड येऊन भांडं फुटतं आणि दुसरा दगड हॅरीच्या डोक्यात लागतो. पहिल्यांदा बघताना वाटतं हे काय मधेच. मग काळ मागे जातो आणि कळतं दगड कोणी मारला. ज्याला तो दगड खटकला नाही त्याला नंतरची मजा अर्धीच मिळते. म्हणून मी मुलांना कधीच म्हणत नाही की सोड रे, सिनेमा आहे.

९ नंबरची वाशी (ऐरोली):
मग तिसऱ्या ढिगात काय उरलं? त्या जगाने स्वतःचाच नियम मोडला असं.

मासुंदा (ठाणे):
माझ्या मते दोन आहेत आणि दोन्ही जड आहेत. एक म्हणजे रूप बदलायचा काढा. दुसऱ्या सिनेमात हॅरी आणि रॉन तो पिऊन गॉयल आणि क्रॅब ही माल्फॉयची दोस्त मुलं होतात, चेहरा बदलतो पण आवाज त्यांचेच राहतात, एकमेकांना सांगतातसुद्धा की आवाज त्याच्यासारखा काढ. पुस्तकात आवाजही बदलतो. आणि चौथ्या सिनेमात (२००५) वर्षभर एक माणूस मूडी नावाचा शिक्षक बनून वावरतो, त्याचा आवाज पूर्ण मूडीचा! मुख्याध्यापक डंबलडोरना कळत नाही. दुसऱ्या भागाचा नियम खरा असता तर पहिल्याच दिवशी पकडला गेला असता.

कट टू कट (घोडबंदर):
दुसऱ्या भागात मुलांना कळायला हवं होतं ना की आत कोण आहे, दोन अनोळखी चेहरे पडद्यावर आणि आवाजही अनोळखी, आठ वर्षांचं मूल हरवलं असतं. सीन वाचवला.

मासुंदा (ठाणे):
सीन वाचवला हे मान्य, पण त्याची किंमत चौथ्या भागाने भरली. चौथा अख्खा सिनेमा त्या एका वेषांतरावर उभा आहे. ही मला चूकच वाटते.

दुसरी डोळ्यांची. जो भेटतो तो हॅरीला सांगतो तुझे डोळे आईसारखे. पुस्तकात हिरवे. डॅनियल रॅडक्लिफला हिरव्या लेन्सची ॲलर्जी आली म्हणून त्याचे निळेच ठेवले, हे अगदी योग्य केलं, मुलाच्या डोळ्यांपेक्षा सिनेमा मोठा नाही. रंग महत्त्वाचा नव्हता, दोघांचा सारखा असणं महत्त्वाचं होतं. आणि २०११ च्या शेवटच्या सिनेमात स्नेप या शिक्षकाच्या आठवणीत लहानपणीची लिली, म्हणजे हॅरीची आई, दाखवली तर तिचे डोळे तपकिरी! स्नेप मरताना हॅरीच्या डोळ्यांकडे बघतो, सगळी गोष्ट तिथे येऊन थांबते, आणि नेमकी तिथे जुळणी नाही. त्या छोट्या मुलीच्या क्लोजअपला मला दरवेळी वाईट वाटतं.

नेरूळचं आकाश:
डोळ्यांचं पटलं. सालांचं कोणी घेतलं नाही, सहाव्या सिनेमात (२००९) लंडनचा मिलेनियम ब्रिज पाडतात, गोष्ट १९९६ ची आणि पूल उघडला २००० साली. पुस्तकात वेगळाच पूल आहे.

प्यादं (कळवा):
ताई, त्या डावाची स्थिती मी मुलांना मांडून दाखवू शकतो, मोठा भिंतीवरचा पट आहे माझ्याकडे. क्लबहाऊसला प्रोजेक्टरशेजारी टांगायला जागा असेल तर सांगा. आधी सिनेमातली मात दाखवायची, पॉज करायचं आणि मुलांना पांढऱ्याकडून खेळायला सांगायचं, वजीर ई३ त्यांचं त्यांना सापडू दे.

मासुंदा (ठाणे):
जागा आहे, हुक मारून घेते. घोडबंदरला शनिवारी संध्याकाळी ट्रॅफिक असतो, कळव्याहून चारच्या आधी निघा. सर्पमित्र, तुमच्याकडे अख्खी कात असेल तर तीही पाहिजे, डोळ्याकडचा भाग शाबूत असलेली.

येऊरचा सर्पमित्र:
धामणीची आहे, दोन्ही भिंगं शाबूत आहेत. काचेच्या डबीत घालून आणतो, मुलांनी हाताने ओढली तर फाटते.